विंडोज आपली २० टक्के बँडविड्थ अडवून ठेवते का?

प्रश्नकर्त्यांनी एका दैनिकाच्या तंत्रज्ञान पुरवणीतील मजकुरावरून तीन गोष्टी विचारल्या आहेत. विंडोज इंटरनेटच्या वेगातील २० टक्के भाग कायम स्वतःसाठी राखून ठेवते, हे खरे आहे का? विंडोजची खोलातली सेटिंग्ज बदलण्याच्या ग्रुप पॉलिसी एडिटर या साधनात जाऊन तो आकडा शून्य केल्यास वेग वाढतो का? आणि पुतण्याने तसे करून संगणक पुन्हा सुरू केल्यावर स्पीड टेस्टमधील आकडा खरोखरच वाढलेला दिसला, त्याचा अर्थ काय लावायचा? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' एवढेच आहे, तिसऱ्याचे मात्र सविस्तर द्यावे लागेल.

ही बातमी जुनी आहे आणि दर काही वर्षांनी नव्या विंडोजचे नाव लावून पुन्हा छापली जाते. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली, आणि त्यानंतर लवकरच संगणकविषयक नियतकालिकांत व वृत्तपत्रांच्या 'टिप्स' सदरांत हा दावा दिसू लागला. तो इतका पसरला की मायक्रोसॉफ्टला आपल्या तांत्रिक लेखसंग्रहातील ३१६६६६ क्रमांकाच्या लेखात त्यासाठी वेगळा भाग लिहावा लागला. छापील लेखांतून आणि न्यूजग्रुपांतून (इंटरनेटवरील चर्चागटांतून) केले जाणारे हे दावे चुकीचे आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. एखादी कंपनी वृत्तपत्रांतील चुकीबद्दल इतक्या थेट शब्दांत खुलासा करते, हे क्वचितच घडते. तरीही सदरे थांबली नाहीत, कारण मूळ दावा सांगायला एक ओळ पुरते आणि खुलासा समजून घ्यायला निदान एक पान वाचावे लागते.

ज्या सेटिंगवरून हा गोंधळ झाला ते ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन', 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', 'नेटवर्क' आणि त्याखालील 'क्यूओएस पॅकेट शेड्युलर' या क्रमाने सापडते, आणि त्याचे नाव 'लिमिट रिझर्व्हेबल बँडविड्थ' असे आहे. क्यूओएस म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस. नेटवर्कवरची सगळी पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, एकाच मापाने न मोजता आवाज किंवा चलचित्रासारख्या वेळेला बांधलेल्या पॅकेटना आधी वाट देण्याच्या तंत्रांचे हे सामायिक नाव आहे. विंडोज २००० मध्ये हा पॅकेट शेड्युलर हवा असल्यास बसवता येत होता, तर एक्सपीमध्ये तो आपोआप बसलेला येऊ लागला. नेटवर्क कनेक्शनच्या गुणधर्मांच्या चौकटीत एक अनोळखी नाव, त्यापुढे आधीच केलेली खूण, आणि पॉलिसीच्या स्पष्टीकरणात '२० टक्के' हा आकडा एवढ्या तीन गोष्टी कुणाच्या तरी नजरेस पडल्या आणि बातमी तयार झाली.

त्या स्पष्टीकरणात प्रत्यक्षात असे लिहिलेले होते की, संगणकावर चालणाऱ्या सर्व प्रोग्रामांनी मिळून जास्तीत जास्त किती बँडविड्थ राखून मागावी याची मर्यादा हे सेटिंग ठरवते, आणि काहीच ठरवले नसेल तर ती मर्यादा २० टक्के असते. ही मागणीवर घातलेली वरची मर्यादा आहे. मागणीच आली नाही तर राखीव भाग शून्य असतो. मागणी करण्यासाठी प्रोग्राममध्ये तशी खास व्यवस्था लिहावी लागते. तो प्रोग्राम विंडोजच्या क्यूओएस किंवा ट्रॅफिक कंट्रोल फंक्शनांना हाक मारतो, आपल्याला किती दराने पॅकेट पाठवायची आहेत ते सांगतो, आणि मग शेड्युलर त्याच्या पॅकेटसाठी वेगळी रांग धरतो. ब्राउझर, ईमेल, फाइल उतरवून घेणारे साधे प्रोग्राम यांपैकी कुणीही अशी हाक मारत नाही. त्यामुळे बहुसंख्य घरगुती संगणकांवर हे सेटिंग वर्षानुवर्षे काहीही न करता पडून असते.

समजा, एखाद्या प्रोग्रामने मागणी केली, तरीही तो भाग कुलूपबंद होत नाही. एसटीच्या गाडीत आमदारांसाठी राखीव आसन असते, पण आमदार चढेपर्यंत त्यावर कोणीही बसून जाते आणि वाहक त्याला उठवत नाही. शेड्युलरचे वागणे तसेच आहे. मागणी करणारा प्रोग्राम त्या क्षणी पॅकेट पाठवत नसेल, किंवा मागितल्यापेक्षा कमी पाठवत असेल, तर उरलेली सगळी जागा बाकीच्या प्रोग्रामांना मिळते. ३१६६६६ क्रमांकाच्या लेखातील खुलाशाचा गाभा हाच होता: कोणी खास मागणी करेपर्यंत शंभर टक्के बँडविड्थ सर्वांसाठी खुली असते, आणि मागणी झाल्यावरही न वापरलेला भाग इतरांना मिळतो.

हा दावा तपासून न पाहता छापला गेल्याचा एक पुरावा पुढच्या आवृत्त्यांत सापडतो. नंतरच्या विंडोजमध्ये, अगदी विंडोज १० मध्येही, याच पॉलिसीच्या स्पष्टीकरणात २० ऐवजी ८० टक्के असे लिहिलेले आहे. वृत्तपत्रांचे तर्कशास्त्र मानायचे झाले तर मायक्रोसॉफ्टने आपल्या ग्राहकांची चार पंचमांश बँडविड्थ गिळून टाकली आणि शंभर एमबीपीएसची जोडणी घेतलेल्या कोणालाही वीसच्या वर वेग दिसता कामा नये. तसे कोणाचेही झालेले नाही. तरीही अलीकडच्या अनेक लेखांत आकडा मात्र २० च छापला जातो. याचा सरळ अर्थ असा की, लिहिणाऱ्याने ती चौकट स्वतः उघडून वाचलेली नसते आणि जुनाच मजकूर नव्या नावाखाली उतरवून घेतलेला असतो.

आता दिशेचा मुद्दा पाहू. माझ्या मते हा दावा कोसळायला तो एकटाच पुरेसा आहे. संगणकातील पॅकेट शेड्युलर हा त्या संगणकातून बाहेर जाणाऱ्या पॅकेटच्या रांगा लावतो. आत येणाऱ्या पॅकेटची रांग लागते ती समोरच्या टोकाला, म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रात. तिथून ती निघाली की आपल्या संगणकाला ती घ्यावीच लागतात. लोक 'इंटरनेटचा वेग' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात जवळजवळ नेहमी डाउनलोड असते, आणि डाउनलोडच्या पॅकेटशी या सेटिंगचा संबंध येत नाही. म्हणजे राखीव भाग खरोखरच अडवला गेला असता तरी त्याचा फटका अपलोडला बसला असता. या विषयावरच्या बातम्यांत 'अपलोड' हा शब्द मला क्वचितच दिसला आहे.

त्यापुढे टक्केवारी कशाची, हाही प्रश्न आहेच. शेड्युलर जे टक्के मोजतो ते संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या वेगाचे, कारण पलीकडची इंटरनेट जोडणी किती रुंद आहे हे त्याला ठाऊक नसते. भारत सरकारच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस किंवा त्याहून अधिक वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते आणि त्या काळी घरोघरी आलेल्या जोडण्या त्याच आसपासच्या होत्या. संगणकापासून मोडेमपर्यंत मात्र साधारण १०० एमबीपीएसची इथरनेट वायर असे. वृत्तपत्रांचा दावा शब्दशः खरा धरला, तरी शंभरातील वीस एमबीपीएस बाजूला काढल्यावर ८० एमबीपीएस, म्हणजे ८०,००० केबीपीएस शिल्लक राहतात, आणि त्यातून जायचे असतात २५६. अरुंद जागा मोडेमच्या पलीकडे असताना अलीकडच्या रस्त्याचा पाचवा भाग बंद झाला काय आणि उघडा राहिला काय, वेगात काडीचाही फरक पडत नाही. एवढे गणित चौथीतल्या मुलालाही जमण्यासारखे आहे, पण ते मांडून पाहिले असते तर सदर लिहिता आले नसते.

यातला विपर्यास इथेच संपत नाही. अनेक सदरांनी आकडा शून्य करण्याच्याही पुढे जाऊन पॅकेट शेड्युलर काढूनच टाकण्याचा सल्ला दिला होता, विशेषतः एक्सपी होमच्या वापरकर्त्यांना, कारण त्या आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर नव्हता. एक्सपीतील हाच शेड्युलर डायलअपसारख्या मंद जोडणीवर एक उपयोगी काम करत असे. एखादे मोठे हस्तांतरण चालू असेल आणि त्याच वेळी दुसऱ्या प्रोग्रामला काही पाठवायचे असेल, तर पहिल्याच्या पॅकेटची लांब रांग दुसऱ्याला अडवून धरते. शेड्युलर प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देऊन त्यांना आळीपाळीने सोडत असे. या पद्धतीला डेफिसिट राउंड रॉबिन म्हणतात. त्याचप्रमाणे एका संगणकाची डायलअप जोडणी घरातील दुसऱ्या संगणकाला वाटून दिलेली असेल, तर वेगवान स्थानिक जाळे आणि मंद फोनलाइन यांतील विसंगतीमुळे सेवा देणाऱ्याच्या टोकाला पॅकेट तुंबू नयेत म्हणून टीसीपीची (माहिती पोच घेत पाठवण्याच्या इंटरनेटवरील पद्धतीची) रिसीव्ह विंडो, म्हणजे पोच मिळण्याआधी किती माहिती येऊ द्यायची ती मर्यादा, लहान ठेवण्याची व्यवस्थाही त्यात होती. म्हणजे ज्यांची जोडणी सर्वांत मंद होती, आणि म्हणून असले सल्ले जे सर्वांत आधी अमलात आणत, त्यांनीच आपल्या उपयोगाची गोष्ट काढून टाकली. वृत्तपत्रातील चूक निरुपद्रवी असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे.

आता पुतण्याच्या स्पीड टेस्टकडे वळतो. आकडा वाढलेला दिसला हे मला मुळीच अशक्य वाटत नाही. आकडा शून्य करणे ही त्या दिवशी झालेली एकमेव गोष्ट नव्हती. संगणक पुन्हा सुरू झाला, म्हणजे पार्श्वभूमीत चालू असलेले अद्ययावतीकरण, क्लाउडवर फोटो चढवणारे प्रोग्राम आणि विसरून गेलेले ब्राउझरचे टॅब बंद झाले. वायफाय नव्याने जोडले गेले, आणि राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देत असेल तर आधी २.४ गिगाहर्ट्झवर असलेला लॅपटॉप आता ५ गिगाहर्ट्झवर गेलेला असू शकतो. तेवढ्यानेही वेग कितीतरी पटींनी वाढतो. स्पीड टेस्टने दुसरा सर्व्हर निवडलेला असू शकतो, आणि दुपारचा व रात्री नऊचा वेग सारखा नसतो, हे केबलवाल्याकडून इंटरनेट घेणारा प्रत्येक जण जाणतो. एकदा आधी आणि एकदा नंतर मोजून यांतले काहीही वेगळे काढता येत नाही.

खरी चाचणी करायची असेल तर इंटरनेटला त्यातून बाजूला ठेवावे. दोन संगणक वायरने एकाच स्विचला जोडावेत, दोन्हींवर 'आयपर्फ' हा मोफत प्रोग्राम घ्यावा, आणि ज्या संगणकाचे सेटिंग तपासायचे आहे त्याच्याकडून दुसऱ्याकडे अर्ध्या मिनिटाचा टीसीपी प्रवाह पाठवावा. १०० एमबीपीएसच्या इथरनेटवर आकडा साधारण ९५ च्या आसपास येतो. उरलेले पाच कुठे जातात हेही सांगतो, कारण नेमके तेच पाहून काही जणांना 'विंडोजने खाल्ले' असे वाटते. एका पूर्ण इथरनेट फ्रेममध्ये, म्हणजे वायरवरून एका वेळी जाणाऱ्या गठ्ठ्यात, १५०० बाइटचा मजकूर असतो, त्यातील २० बाइट आयपीचे शीर्ष आणि २० बाइट टीसीपीचे शीर्ष घेतात, आणि खऱ्या माहितीसाठी १४६० उरतात. फ्रेमचे स्वतःचे शीर्ष व तपासणी-बेरीज मिळून १८ बाइट, सुरुवातीची खूण ८ बाइट आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा १२ बाइट धरली की वायरवर एकूण १५३८ बाइटची जागा लागते. १४६० भागिले १५३८ म्हणजे सुमारे ९४.९ टक्के. हा खर्च लिनक्स असो वा मॅक, प्रत्येकाला द्यावा लागतो. विंडोज खरोखर २० टक्के अडवत असती तर या चाचणीत आकडा ७६ च्या आसपास थांबला असता. सेटिंग 'नॉट कॉन्फिगर्ड' ठेवून आणि शून्य करून, आलटून-पालटून काही वेळा ही चाचणी घ्यावी. दोन्ही वेळा तोच आकडा येतो.

प्रसारमाध्यमांनी नेटवर्कविषयी दिलेली प्रत्येक बातमी खोटीच असते, असा समज यातून करून घेऊ नये. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टावर संगीत लावले की नेटवर्कवरून फाइल कॉपी होण्याचा वेग पडतो, अशी तक्रार वापरकर्त्यांनी मोजमापांसह मांडली आणि माध्यमांनी ती उचलली. ती खरी निघाली. मायक्रोसॉफ्टमधील मार्क रसिनोविच यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचे कारण जाहीरपणे समजावून सांगितले. नेटवर्कवरून येणारी पॅकेट हाताळणारे काम प्रोसेसरवर इतर कोणत्याही थ्रेडच्या, म्हणजे प्रोग्रामच्या कामाच्या धाग्याच्या, आधी चालते, त्यामुळे संगीत अडखळू नये म्हणून, ध्वनी किंवा चित्र वाजत असताना दर मिलिसेकंदाला दहाच पॅकेट हाताळायची, अशी मर्यादा घातली होती. हिशेब केला तर सेकंदाला दहा हजार पॅकेट, प्रत्येकी १५०० बाइट, म्हणजे दीड कोटी बाइट किंवा, एका बाइटचे आठ बिट धरून, १२० एमबीपीएस. शंभराच्या कार्डावर ही मर्यादा जाणवण्याचे कारणच नाही, पण गिगाबिट कार्डावर ती ढळढळीत दिसते. शिवाय एकाहून अधिक नेटवर्क कार्डे असतील तर मर्यादा आणखी खाली आणणारा एक दोषही त्यात होता. या बातमीत आणि २० टक्क्यांच्या बातमीत फरक हा की, इथे कोणत्या परिस्थितीत, कोणत्या दिशेने, किती वेग पडतो हे सांगितलेले होते, आणि दुसऱ्या कोणीही संगीत लावून-थांबवून ते स्वतः पाहू शकत होते. पुढे मात्र या खऱ्या बातमीचेही सदर झालेच. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यातील, ही मर्यादा ठरवणारा 'नेटवर्कथ्रॉटलिंगइंडेक्स' बदलला की ऑनलाइन खेळांचा वेग वाढतो, असे आज सांगितले जाते. सेकंदाला काहीशे पॅकेटही न पाठवणाऱ्या खेळाला दहा हजारांच्या मर्यादेने काय होणार, हे कोणी विचारत नाही.

अर्धसत्याचाही एक नमुना आहे. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने, म्हणजे ऑगस्ट २००४ पासून, बाहेर जाणाऱ्या अपूर्ण टीसीपी जोडण्यांवर एका वेळी दहाची मर्यादा आणली. बातमी छापून आली ती 'विंडोज आता फक्त दहा जोडण्या देणार' अशी. पूर्ण झालेल्या जोडण्यांवर ही मर्यादा नव्हतीच. समोरून उत्तर यायचे बाकी असलेले प्रयत्न दहाच्या पुढे गेले की बाकीचे रांगेत थांबत आणि ४२२६ क्रमांकाची नोंद इव्हेंट लॉगमध्ये होत असे. २००३ मधील ब्लास्टर आणि २००४ मधील सॅसर हे वर्म, म्हणजे जाळ्यावरून आपोआप पसरणारे घातक प्रोग्राम, दर सेकंदाला असंख्य पत्त्यांवर टकटक करून पसरले होते, त्यांचा वेग मोडण्यासाठी हा उपाय होता. फाइल वाटून घेणाऱ्या पीअर-टू-पीअर प्रोग्रामांना तो नडला, हे खरे. पण त्यावर सुचवला गेलेला इलाज म्हणजे कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून बदललेली 'टीसीपीआयपी डॉट सिस' ही फाइल आणून कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसवणे हा होता, आणि तो लोकांनी बिनदिक्कत केला. व्हिस्टाच्या सर्व्हिस पॅक २ आणि विंडोज ७ पासून ती मर्यादा मुळातच लागू नसते, तरी ती 'काढून टाकणारे' प्रोग्राम त्यानंतरही कितीतरी काळ वाटले जात होते.

२०१५ मधील वायफाय सेन्सच्या, म्हणजे आपले वायफाय ओळखीच्यांना वाटण्याच्या विंडोज १० मधील सोयीच्या, बातम्यांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. 'विंडोज १० तुमचा वायफाय पासवर्ड फेसबुकवरच्या सगळ्या मित्रांना देते' असे मथळे आले. प्रत्यक्षात प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळी संमती द्यावी लागे, समोरच्याला पासवर्ड दिसत नसे, आणि त्याला फक्त इंटरनेट मिळे, घरातील इतर संगणकांपर्यंत पोहोचता येत नसे. एवढ्यापुरते मथळे चुकीचे होते. पण पाहुण्याला पासवर्ड सांगितला तर तो पाहुणाच, घरमालकाला न विचारता, ते नेटवर्क आपल्या ओळखीच्यांना वाटू शकत होता, आणि ते टाळायचे तर मालकाने आपल्या वायफायच्या नावात विशिष्ट शेपूट जोडायचे, ही रचनाच आक्षेपार्ह होती. पुढच्या वर्षी, कमी वापराचे कारण देत, मायक्रोसॉफ्टने ओळखीच्यांना वाटण्याची सोय काढून टाकली. तपशील चुकलेला असूनही काळजी रास्त असू शकते, हे या बातम्या वाचताना मनात ठेवावे लागते.

प्रश्नकर्त्यांच्या पुरवणीतील त्याच मजकुरात शेवटी 'टीसीपी ऑटोट्यूनिंग बंद करा' असा आणखी एक सल्ला आहे, आणि मला खरी चिंता त्याची वाटते. २० टक्क्यांचे सेटिंग शून्य केल्याने आजच्या संगणकावर सहसा काहीच बिघडत नाही, पण ऑटोट्यूनिंग बंद करणे महागात पडते. टीसीपीमध्ये पाठवणारा संगणक, घेणाऱ्याने जाहीर केलेल्या रिसीव्ह विंडोइतकीच माहिती पोच मिळण्याआधी पाठवू शकतो. व्हिस्टापासून विंडोज ही विंडो गरजेनुसार वाढवते. ऑटोट्यूनिंग बंद केले की ती ६५,५३५ बाइटच्या आसपास अडकून राहते. पुण्यातून मुंबईतील सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागत असतील तर एका जोडणीला जास्तीत जास्त ५२ एमबीपीएस मिळू शकतात. अमेरिकेतील सर्व्हरसाठी २०० मिलिसेकंद धरले तर ती कमाल मर्यादा २.६ एमबीपीएस होते, मग घरातली फायबर जोडणी ३०० ची असो की १,००० ची. मुंबईहून समुद्राखालच्या केबलने पलीकडे जाणारे प्रत्येक मोठे डाउनलोड त्यामुळे रखडते, आणि जवळच्या सर्व्हरवर घेतलेली स्पीड टेस्ट, विशेषतः ती अनेक जोडण्या एकदम उघडत असल्यामुळे, छान आकडा दाखवत राहते. या सल्ल्याला जुना आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. व्हिस्टाच्या काळात काही राउटर आणि फायरवॉल विंडो वाढवण्याची ही पद्धत नीट समजत नसत आणि जोडणी अडखळे. आजच्या घरगुती राउटरवर ते कारण उरलेले नाही, सल्ला मात्र कारणाशिवाय छापला जातो.

विंडोज आपली बँडविड्थ खरोखर वापरते अशी एक जागा आहे, ती म्हणजे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. विंडोज १० सुरू झाली तेव्हा होम आणि प्रो आवृत्त्यांत हे असे ठेवलेले होते की, उतरवून घेतलेली अपडेट आपला संगणक इंटरनेटवरील अनोळखी संगणकांनाही पुरवत असे. कंपन्यांसाठीच्या आवृत्तीत ते स्थानिक जाळ्यापुरते होते. ही बातमी खरी होती आणि आपल्याकडे तिला हवी तेवढी जागा मिळाली नाही. अरुंद अपलोड असलेल्या जोडणीवर याचा परिणाम डाउनलोडवरही होतो, कारण डाउनलोड होत असलेल्या माहितीची पोच अपलोडच्याच वाटेने परत जाते. ती वाट भरली की पोच उशिरा पोहोचते आणि पाठवणारा हात आखडता घेतो. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या विभागात डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनखाली हे बंद करता येते किंवा स्थानिक जाळ्यापुरते ठेवता येते, आणि त्याच ठिकाणी महिन्याभरात किती माहिती बाहेर गेली याचा आलेखही असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करणाऱ्यांनी ती जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजून डेटा मिळणारी, म्हणून नोंदवून ठेवावी.

आता पुतण्याच्या संगणकावर काय करायचे ते सांगतो. 'लिमिट रिझर्व्हेबल बँडविड्थ' पुन्हा 'नॉट कॉन्फिगर्ड' करावे. रजिस्ट्रीतून बदल केला असल्यास 'पीशेड' या पॉलिसी-कीखालील 'नॉनबेस्टएफर्टलिमिट' ही नोंद पुसावी, आणि नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत पॅकेट शेड्युलरसमोरची खूण काढली असेल तर परत करावी. ऑटोट्यूनिंगची सद्यस्थिती प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये टीसीपीची जागतिक सेटिंग्ज मागवून पाहता येते. तिथे 'डिसेबल्ड' दिसले तर ते 'नॉर्मल' करावे. त्यानंतर लॅपटॉप वायफायवर न ठेवता वायरने थेट राउटरला जोडावा आणि सकाळी, दुपारी व रात्री, जवळचा व दूरचा असे दोन सर्व्हर निवडून वेग मोजावा. वायरवर वेग पूर्ण मिळत असेल आणि वायफायवर नसेल, तर राउटरची जागा किंवा चॅनेल बदलावा लागेल. वायरवरही मिळत नसेल, तर त्या नोंदी वेळेसह सेवा देणाऱ्याकडे द्याव्यात.